धांवून जाणाऱ्यांचे हात

संकटांचा इतिहास लिहिण्याची आपली एक ठराविक पद्धति आहे. भूकंप झाला, पूर आला, ग्रंथिज्वराची सांथ आली, कीं इतिहासकार प्रथम मृतांची संख्या विचारतो, मग पडलेल्या घरांची आणि मग सरकारनें मंजूर केलेल्या रकमेची. हे तीन आंकडे हाताशीं आले म्हणजे आपलें काम बहुतेक संपलें असें त्यास वाटतें. ज्या हातांनीं ढिगारे उपसले, रक्तानें माखलेलीं माणसें उचलून ट्रॅक्टरमध्यें घातलीं आणि शेवटीं प्रेतांस अग्नि दिला, त्या हातांचें पुढें काय झालें, हा प्रश्न त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. तो माझ्याहि मनांत पुष्कळ वर्षें आला नव्हता. इतिहास शिकविण्यांत अर्धें आयुष्य गेल्यावर तो आला, यांत अर्थात् अभिमान वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

आमच्या मराठवाड्यांत हा विषय काढावयाचा तर आरंभ किल्लारीपासूनच केला पाहिजे. ता. २९ सप्टेंबर १९९३ ही अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून लोक रात्रीं उशिरा घरीं परतले व निजले. आणि ३० तारखेस पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं ६.२ प्रतीचा धक्का बसला. शास्त्रज्ञांच्या हिशेबीं हा कांहीं अतिप्रचंड भूकंप नव्हे. याहून मोठे धक्के बसूनहि मनुष्यहानि थोडकी झाल्याचीं उदाहरणें जपानांत हवीं तितकीं सांपडतील. परंतु लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर घर म्हणजे दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, दगडादगडांमध्यें चुन्याऐवजीं चिखल, आणि वर लांकडी तुळयांवर पिढ्यान् पिढ्या माती चढवून जड झालेलें माळवद. उन्हाळ्यांत गार राहणारें, चोरास न फुटणारें हें घर. भिंतीच्या जाडीवरून घराण्याची प्रतिष्ठा मोजली जाई. तें एका मिनिटाच्या आंत स्वतःच्याच भारानें खालीं बसलें. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, पेठसांगवी अशीं एकंदर बावन्न गांवें जमीनदोस्त झालीं. सरकारी गणनेप्रमाणें आठ हजारांच्या जवळपास आणि इतरांच्या अंदाजानें दहा हजारांपर्यंत माणसें गेलीं.

पहिल्या प्रहरीं धांवून कोण आलें? सैन्य आलें, पोलीस आले, सोलापूर-लातूरचे डॉक्टर आले, हें सर्व खरें. पण ते उजाडल्यावर आणि पुढील दिवसांत आले. अंधारांत जो पहिला हात ढिगाऱ्यांत गेला, तो शेजाऱ्याचा होता. ज्याचें घर अर्धें उभें राहिलें त्यानें ज्याचें पूर्ण पडलें त्याला उपसलें. कुदळ-फावडीं ढिगाऱ्याखालींच होतीं, म्हणून नखांनीं माती उकरली. त्यांत पावसानें झोडपून काढलें. चिखल, रक्त आणि पाणी यांचा एक लगदा झाला, आणि त्यांत लोक कोपरापर्यंत हात घालून माणसें शोधीत होते.

मी त्या वेळीं पदव्युत्तर वर्गांत शिकत होतों. दुसऱ्या दिवशीं नांदेडहून निघालेल्या एका मालमोटारींतून आम्ही पंधरा-वीस विद्यार्थी तिकडे गेलों. आमच्यापाशीं भाकरी होत्या, चादरी होत्या, कोणीं तरी दिलेले दोन कंदील होते. हातमोजा मात्र एकाहि हातांत नव्हता, आणि तो असावा असें कोणाच्या स्वप्नींहि आलें नाहीं. संध्याकाळच्या सुमारास एक पत्रा ओढतांना माझा उजवा तळहात फाटला. शेजारीं एक वृद्ध शेतकरी होता. त्यानें आपल्या धोतराची चिंधी फाडून जखमेवर घट्ट आवळली आणि म्हणाला, “लेकरा, धर तिकून.” आम्ही पुढचें प्रेत उचललें. त्या धोतरावर आदल्या दोन दिवसांचें किती जणांचें रक्त होतें, तें त्यालाहि ठाऊक नव्हतें आणि मलाहि. धनुर्वाताची लस मला चवथ्या दिवशीं मिळाली. इतर कशाची चौकशी करावयाची असते, हें मला सांगणारें कोणी भेटलें नाहीं.

सर्वांच्या तोंडीं भय मात्र होतें. तें निराळ्याच गोष्टीचें. प्रेतें कुजतील, हवा बिघडेल, सांथ फुटेल, म्हणून लवकर जाळा, असा एकच घोष होता. लांकडें पुरेनात तेव्हां पडलेल्या घरांच्या तुळया आणि दारें चितेवर गेलीं. कित्येकांची ओळखहि पटली नाहीं. आज त्या घाईकडे पाहिलें म्हणजे मन विषण्ण होतें. कारण जागतिक आरोग्य संघटना, रेड क्रॉस व त्यांच्या सहकारी संस्था यांनीं २००६ सालीं प्रथम धांवून जाणाऱ्यांसाठींच एक हस्तपुस्तिका काढली. तींत स्वच्छ सांगितलें आहे कीं, नैसर्गिक आपत्तींत दुखापतीनें मेलेल्यांच्या देहांपासून लोकांत सांथ पसरत नाहीं. धोका असतो तो तीं प्रेतें हाताळणाऱ्यांस. रक्तांतून ‘ब’ आणि ‘क’ प्रकारच्या काविळीचे व एड्सचे विषाणु आणि मळांतून आमांश-अतिसाराचे जंतु त्यांच्या हातावरील चिरेंतून किंवा तोंडांतून शरीरांत शिरूं शकतात. उपायहि साधा सांगितला आहे: हातमोजे, गमबूट आणि साबणानें हात धुणें. म्हणजे किल्लारीस ज्या गोष्टीचें भय होतें तिच्यांत भय नव्हतें, आणि जींत होतें तिकडे कोणाचें लक्ष नव्हतें. हवा शुद्ध करण्यासाठीं भुकटी मारली गेली; हात तसेच राहिले.

हा दोष एकट्या मराठवाड्याचा मानण्याचें कारण नाहीं. मदत करणाऱ्याच्या हातास जखम झाली म्हणजे रोग्याचा रोग त्याच्याकडे येतो, ही गोष्ट युरोपांतहि एका मित्राच्या मृत्यूनें कळली. १८४७ च्या मार्चमध्यें व्हिएन्ना येथें कोलेट्श्का नांवाच्या प्राध्यापकाच्या बोटास शवविच्छेदन चालू असतां विद्यार्थ्याची सुरी लागली. थोड्याच दिवसांत तो वारला. त्याचा स्नेही सेमेलवाइस यानें त्याच्या विच्छेदनाचा वृत्तांत वाचला, तेव्हां बाळंतिणी ज्या ज्वरानें मरतात तींच सर्व चिन्हें त्याला मित्राच्या देहांत दिसलीं. त्यावरून डॉक्टरांनीं हात धुण्याचा नियम निघाला. पण नीट पाहिलें तर या शोधाचा उपयोग बाळंतिणीस झाला. कोलेट्श्काच्या जागीं उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या माणसास बोट कापूं नये म्हणून काय द्यावें, याचा विचार झालाच नाहीं. रबरी हातमोज्याची कथा तर याहून चमत्कारिक आहे. १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेंत हॉलस्टेड या शस्त्रवैद्यानें ते प्रथम करवून घेतले ते रक्तापासून रक्षण व्हावें म्हणून नव्हे, तर त्याच्या हाताखालील कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात रसकापराच्या पाण्यानें सोलूं लागले म्हणून. पुढें दोघांचा विवाह झाला. प्रेमानें दिलेली ही वस्तु पुढें शास्त्रानें स्वीकारली. तीहि प्रथम रोग्याच्या जखमेंत घाण जाऊं नये यासाठीं. हात घालणाराचा नंबर शेवटींच लागला.

आपल्याकडील ग्रंथिज्वराचा इतिहास सर्वांस परिचित आहे. १८९७ च्या जानेवारींत मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयांतील सर्जन-मेजर मॅन्सर त्या ज्वरानें गेले आणि त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाहि त्यांच्या पाठोपाठ गेली. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं पुण्यास सावित्रीबाई फुले वारल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या आपल्या दत्तक पुत्राच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यांत आल्या होत्या. हा रोग रक्तानें नव्हे, पिसवांनीं आणि श्वासानें पसरणारा, म्हणून प्रस्तुत विषयाशीं त्याचा संबंध दूरचा आहे. पण आमच्या लिहिण्याची तऱ्हा येथेंहि उघडी पडते. सावित्रीबाईंच्या त्यागाची स्तुति आपण गेलीं सव्वाशें वर्षें करीत आहों. त्यागाची स्तुति करणें सोपें असतें. त्यास खर्च येत नाहीं.

रक्ताच्या वाटेनें आलेल्या मृत्यूचें ठळक उदाहरण मात्र किल्लारीच्या शेजारच्या जिल्ह्याशीं जोडलेलें आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरांत पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले, नागपूरचे डॉ. चोळकर हेहि त्यांत होते. त्याच रणभूमीवर नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा शस्त्रवैद्य आधींपासून काम करीत होता. १९३९ च्या ऑक्टोबराच्या अखेरीस एका जखमी शिपायावर घाईनें शस्त्रक्रिया करतांना त्याच्या बोटास चीर पडली. हातमोजे संपलेले होते. पुढें दूषित जखमेंत त्याच हातानें काम पडलें, विष अंगांत भिनलें, आणि १२ नोव्हेंबर रोजीं तो मरण पावला. पेनिसिलिन त्या वेळीं बाजारांत आलें नव्हतें. त्याच्या नांवानें निघालेल्या रुग्णालयाचे प्रमुख १९४१ सालीं कोटणीस झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं तेहि गेले. कोटणिसांवर चित्रपट निघाला, स्मारकें झालीं. त्या अमर झालेल्या माणसांच्या कहाणींत एक हातमोज्यांची जोडी कमी पडली होती, एवढें वाक्य मात्र कोणी उच्चारीत नाहीं.

पुढील चाळीस वर्षांत शास्त्रानें फार मोठी मजल मारली. ब्लूम्बर्ग यानें १९६५ च्या सुमारास शोधलेल्या एका प्रथिनावरून ‘ब’ काविळीच्या विषाणूचा माग लागला. १९७६ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें आणि १९८१ पासून त्या रोगावर लस निघाली. हा विषाणु मोठा चिवट आहे. वाळलेल्या रक्ताच्या डागांतहि तो सात दिवस जिवंत राहतो. लस न घेतलेल्या माणसास अशा रोग्यास टोंचलेली सुई टोंचली, तर शंभरांत सहापासून तीसपर्यंत वेळां रोग लागतो. ‘क’ काविळीच्या बाबतींत हें प्रमाण शंभरांत दोनच्या आसपास आणि एड्सच्या बाबतींत हजारांत तीन. लोकांचें भय नेमकें याच्या उलट क्रमानें असतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १९८४ सालीं इंग्लंडांतील एका परिचारिकेस सुई टोंचून एड्सचा विषाणु लागल्याचें प्रसिद्ध झालें, तेव्हां कोठें जग जागें झालें. काविळीनें कितीएक डॉक्टर-परिचारिका त्यापूर्वीं गेल्या होत्या. त्यांच्यासाठीं कायदा झाला नाहीं, एड्सच्या धास्तीनें झाला. अमेरिकेंत १९८७ पर्यंत ‘सर्वांचें रक्त दूषित समजून वागा’ हें सूत्र ठरलें आणि १९९१ च्या डिसेंबरांत त्यास कायद्याचें बळ मिळालें. मालकानें नोकरास लस फुकट द्यावी, हातमोजे द्यावे, सुया टाकण्यास न भोंसकतां येणारा डबा द्यावा, असे त्याचे नियम. किल्लारीच्या अवघीं दोन वर्षें आधींची ही गोष्ट.

या सूत्राविषयीं थोडें अधिक लिहिल्यावांचून माझ्यानें राहवत नाहीं. आमच्या समाजास स्पर्शाचे नियम नवे नाहींत. स्पर्शाच्या नियमांवरच तर आम्ही समाज बांधला. प्रेत कोणीं ओढावें, मेलेलें ढोर कोणीं उचलावें, बाळंतिणीचीं लुगडीं कोणीं धुवावीं, हें जातीनें ठरे. त्या सोवळ्यांत पहिला प्रश्न ‘तो कोण?’ हाच असे. रक्ताच्या या नव्या नियमांत तो प्रश्नच विचारावयाचा नाहीं. राजा असो, रंक असो, ओळखीचा असो, अनोळखी असो, प्रत्येकाचें रक्त सारखेंच संशयास्पद, आणि म्हणून प्रत्येकाला सारख्याच निर्भयपणें हात लावावयाचा. हातमोजा दूर राहण्यासाठीं नाहीं, जवळ जाण्यासाठीं आहे. आमच्याकडे मात्र पुष्कळ ठिकाणीं नव्या नियमाचीं वस्त्रें जुन्या सोवळ्यानें पांघरलीं. रोग्याच्या खाटेवर खूण करावयाची आणि त्याच्यासाठींच तेवढे दोन-दोन हातमोजे चढवावयाचे, असें झालें. खूण नसलेल्या रोग्यापाशीं पुन्हां उघडे हात! यानें खूण केलेल्याची विटंबना होते आणि हात लावणाराचें रक्षणहि होत नाहीं.

भारतांत हा विषाणु १९८६ सालीं मद्रासेस प्रथम आढळला. त्या शोधामागील डॉ. सुनीति सॉलोमन या तेथें स्थायिक झालेल्या गायतोंडे या मराठी कुटुंबांतील. त्यानंतरचे टप्पे त्रोटकच सांगतों. पैसे घेऊन रक्त देण्याचा धंदा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानें १९९८ पासून बंद झाला. त्याच १९९८ सालीं रुग्णालयांतील दूषित कचऱ्याचे नियम झाले, व २०१६ सालीं ते नव्यानें करतांना हा कचरा हाताळणाऱ्यांस काविळीची व धनुर्वाताची लस देणें बंधनकारक ठरलें. ‘ब’ काविळीची परदेशी लस सामान्याच्या आवांक्याबाहेर होती. १९९७ सालीं हैदराबादेच्या एका कारखान्यानें ती देशांत बनविली आणि किंमत कोसळली. एके काळीं नांदेड-लातुराकडे हैदराबादेहून हुकूमच काय ते येत. त्या मानानें हा पाहुणा बरा आला. २०११ पासून ही लस देशभर तान्ह्या बालकांस फुकट मिळूं लागली. याचा अर्थ इतकाच कीं आज जे पोलीस शिपाई, मोटारचालक, सफाई कामगार चाळिशीच्या पुढें आहेत, त्यांतील बहुतेकांस बालपणीं ती मिळालेली नाहीं. कोणीं मुद्दाम दिली असेल तरच.

कायदा नाहीं असें मात्र आतां कोणास म्हणतां येणार नाहीं. २०१७ चा एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला. त्याच्या एकोणिसाव्या कलमानें आरोग्यसंस्थांवरच नव्हे, तर रक्ताचा धोका मोठा असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर कर्मचाऱ्यांस साधनें, शिक्षण आणि टोंचणीनंतरचें औषध देण्याची जबाबदारी टाकली आहे. दुसऱ्या बाजूनें, अपघातांतील जखमीस उचलणाऱ्यास पोलिसांनीं छळूं नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं दिला आणि २०१९ सालीं मोटारवाहन कायद्यांत तसें कलमहि आलें. या दोन कायद्यांच्या मधोमध एक माणूस उभा आहे. लातूर-नांदेड रस्त्यावर रात्रीं दोन मोटारी आदळल्या म्हणजे जो ढाबेवाला किंवा उसाच्या ट्रॅक्टरवरचा पोरगा प्रथम धांवतो, तो कोणत्याहि आस्थापनेचा नोकर नसतो; म्हणून पहिला कायदा त्यास लागत नाहीं. दुसरा लागतो, पण तो त्याला चौकशीपासून वांचवितो, रक्तापासून नाहीं. २०१४ पासून आपल्या राज्यांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि तींत हातमोजेहि असतात. ती येईपर्यंतचीं वीस-तीस मिनिटें त्या पोराचीं. २००६ सालीं उभारलेल्या राष्ट्रीय आपत्ति दलाचा आपला तळ पुण्याजवळ आहे; किल्लारी तेथून साडेतीनशें किलोमीटरच्या आसपास. पुन्हां तसा प्रसंग आला तर पहिला हात शेजाऱ्याचाच असणार.

त्या माणसास काय ठाऊक असावें, तें फार नाहीं. हातमोजा नसेल तर प्लॅस्टिकची पिशवीहि हातावर चढवितां येते. टोंचलेंच किंवा चिरलेंच, तर तेथल्या तेथें साबण आणि वाहत्या पाण्यानें धुवावें. पिळूं नये, आणि बोट तोंडांत तर मुळींच घालूं नये. आमच्याकडे बोट कापलें कीं तोंडांत घालण्याची खोड तान्हेपणापासून असते, म्हणून हें मुद्दाम लिहिलें. मग सरकारी रुग्णालय गांठावें. एड्सचा संशय असल्यास औषधाचा पहिला हप्ता दोन तासांत मिळाला तर उत्तम. बहात्तर तासांनंतर त्याचा उपयोग नाहीं. पुढें तें अठ्ठावीस दिवस घ्यावें लागतें. १९९५ सालींच अशा औषधानें धोका सुमारें चार-पंचमांशानें कमी होतो असें दिसून आलें होतें. काविळीची लस मात्र प्रसंगापूर्वीं घ्यावयाची असते: आज एक, महिन्यानें दुसरी, सहाव्या महिन्यांत तिसरी. दोन तास आणि सहा महिने, हे दोन हिशेब शहरांतल्या माणसास सोपे वाटतील. देगलूर-किनवटाकडील माणसास दोन तासांत नांदेडचें रुग्णालयच काय ते दिसेल.

मी स्वतः रक्त तपासून घेतलें तें किल्लारीनंतर बारा वर्षांनीं, तेंहि दुसऱ्याच कारणासाठीं. त्यांत कांहीं निघालें नाहीं. धोतराची चिंधी बांधणाऱ्या त्या शेतकऱ्याचें नांव मीं विचारलें नव्हतें. पुढें दोन वेळां पुनर्वसित गांवांत जाऊन चौकशी केली. पण हात-पाय फुटलेले, चिंध्या बांधलेले आणि बांधणारे त्या दिवशीं इतके होते कीं माझ्या वर्णनावर लोक हंसले.

मागल्या हिंवाळ्यांत राष्ट्रीय सेवा योजनेचें आमचें शिबीर एका खेड्यांत होतें. प्रथमोपचाराची पेटी उघडून पाहिली, तर कापूस, आयोडिन, पट्ट्या, गंजलेली कात्री आणि डोकेदुखीच्या गोळ्या निघाल्या. हातमोज्यांचा एक खोका घ्यावा म्हणून मीं चिठ्ठी दिली, तेव्हां आमच्या कारकुनांनीं हा खर्च कोणत्या सदरांत टाकावा असें मोठ्या अदबीनें विचारलें. औषध म्हणावें तर तें औषध नव्हे, क्रीडासाहित्य नव्हे, गणवेषहि नव्हे. बराच खल झाल्यावर त्यांनींच तोड काढली. त्या वर्षाच्या हिशेबांत शंभर रबरी हातमोजे लेखनसाहित्याखालीं दाखल आहेत.